टायमिंग तपासताना गोंद कुठे चालतो आणि बोल्टच कुठे लागतो

प्रश्न असा आहे: सोलापुरात कास्ट आयर्न इंजिनाची जुनी, पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांची) बुलेट ३५० आहे. टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, घरीच तपासायचं आहे. त्यासाठी क्रँकच्या टोकाला अंशांची चकती, केसवर दर्शक काटा आणि पिकअपसाठी (फेरा ओळखणाऱ्या सेन्सरसाठी) रोटरवर, म्हणजे क्रँकबरोबर फिरणाऱ्या चाकावर, छोटं चुंबक, हे सगळं एखाद्या जबरदस्त गोंदाने चिकटवलं तर टिकेल का? आणि त्याच गोंदात टाकीवरचा बिल्ला, फुटलेला साइड पॅनेल आणि केसची तेलगळती उरकता येईल का?

काटा चिकटवा. चकती नटखालीच बसवा. चुंबक रोटरच्या बाहेरच्या कडेवर अजिबात चिकटवू नका. का, ते पुढे सांगतो, कारण कारण कळलं की बाकीच्या जागांचं उत्तर तुमचं तुम्हालाच काढता येईल. गोंद किती ताकदीचा आहे हे नंतर बघायचं. आधी बघायचं की तो सुटला तर ती वस्तू कुठे जाऊन पडेल. जमिनीवर पडणार असेल तर खुशाल चिकटवा. साखळीत, सिलिंडरमध्ये किंवा हँडलवरून तुमच्या चेहऱ्यावर येणार असेल तर गोंदाचं नाव काढू नका.

चुंबकाचा हिशोब करून बघा. १० मिलिमीटर व्यासाचं, ३ मिलिमीटर जाडीचं निओडायमियम चुंबक साधारण १.८ ग्रॅमचं भरतं. केंद्रापासून ५५ मिलिमीटरवर ते लावलं आणि इंजिन ६००० आरपीएमला गेलं, तर ते बाहेरच्या दिशेने सुमारे ४ किलोच्या जोराने ओढतं. ८००० ला तोच जोर ७ किलोच्या आसपास जातो, कारण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. बुलेट इतकी फिरत नाही, पण हाच प्रयोग लोक दुसऱ्या गाड्यांवरही करतात. स्वच्छ धातूवर नीट पक्का झालेला इपॉक्सी थंड असताना हा जोर सहज पेलतो. अडचण थंडपणाचीच आहे. तेलाने माखलेल्या गरम चेनकेसमध्ये खोलीच्या तापमानाला पक्का होणारा साधा इपॉक्सी ६०-७० अंशांपुढे मऊ पडू लागतो. भरीला साध्या प्रतीचं निओडायमियम चुंबकही ८० अंशांपुढे आपलं चुंबकत्व गमावू लागतं. म्हणजे ते सुटलं नाही तरी सिग्नल कमजोर होत जातो आणि तुम्ही बिचाऱ्या सेन्सरला दोष देत बसता.

चुंबक लावायचंच असेल तर असं बसवा की फिरताना ते धातूवर दाबलं जाईल, म्हणजे कडेच्या आतल्या बाजूला किंवा बाहेरून बंद असलेल्या खाचेत. मग गोंदाला ते फक्त जागेवर ठेवायचं असतं, ओझं धातू पेलतो. प्रत १२० किंवा १५० अंशांची मागून घ्या. पण नुसतं टायमिंग बघायला चुंबक लागतच नाही. पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ आणि टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) पुरतो, आणि रंगाला वजन नसतं.

आता गोंद. एका डबीत सगळं भागवायचा मोह सोडा.

अ‍ॅरल्डाइटसारखा दोन नळ्यांचा, सावकाश पक्का होणारा इपॉक्सी हा या कामातला मुख्य गडी. मोठ्या पॅकमध्ये रेझिन १०० ग्रॅम आणि हार्डनर ८० ग्रॅम असतं, त्यामुळे वजनकाट्यावर मोजून घेतलंत तर १०० ला ८०, आणि नळीतून पिळलंत तर सारख्या लांबीच्या दोन रेघा. हार्डनर जास्त टाकला की लवकर आणि जास्त घट्ट होतो हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. जास्तीचा हार्डनर आत तसाच राहतो आणि जोड चामड्यासारखा लिबलिबीत होतो. पाच मिनिटांत बसणारा इपॉक्सी उष्णतेत आणि ओलाव्यात त्याहून कमकुवत, म्हणून तो इंजिनाजवळ नको. पोलादाची भुकटी घातलेले इपॉक्सी जास्त उष्णता सोसतात. जे-बी वेल्डच्या मूळ प्रकारासाठी उत्पादक २६० अंशांपर्यंतची मर्यादा सांगतात, पण तो पूर्ण पक्का व्हायला १५ ते २४ तास लागतात. एम-सील हे पुट्टीचं काम करतं. आकार द्यायला, टेकू करायला उत्तम, ताण घ्यायला नाही.

फेविक्विक आणि त्याच्या जातीचे गोंद काचेसारखे कडक होतात. हादरा आणि सोलणारा ताण त्यांना सोसत नाही, आणि ८० अंशांच्या आसपास ते ढिले पडतात. ते हवेतल्या ओलाव्यावर पक्के होतात, म्हणून एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या कोरड्या हवेत त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागतो. त्यात खाण्याचा सोडा टाकला की क्षणात दगड होतो, पण तो ठिसूळ दगड असतो. सोलापुरात एक गोष्ट विशेष जपायची. यंत्रमागांमुळे इथे प्रत्येक गॅरेजात कॉटन वेस्ट पडलेला असतो. हा गोंद सुती धाग्यांवर सांडला की झपाट्याने तापतो, धूर येतो आणि कातडी भाजते. सांडलेला फेविक्विक सुती चिंधीने पुसू नका आणि सुती हातमोजे घालून तो वापरू नका.

नटबोल्टच्या आट्यांवर लावायचा लॉकटाइटसारखा द्रव ही वेगळीच जात. हवा नाही आणि धातू लागून आहे, अशा जागी तो पक्का होतो. निळा मध्यम ताकदीचा, पान्याने खुलतो. लाल जास्त ताकदीचा, उघडायला बहुतेक वेळा २५० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. ६ मिलिमीटरच्या बोल्टला एक थेंब पुरतो, ८ ला दोन. अर्ध्या तासात पकड येते, पूर्ण ताकदीला २४ तास. स्टेनलेस आणि मुलामा दिलेल्या बोल्टवर त्याला जास्त वेळ लागतो. तो एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकवर पडला की तिथे बारीक भेगा पडतात, म्हणून मीटरच्या केसिंगजवळ किंवा हेडलाइटच्या काचेजवळ जपून.

गोंद सुटतो तो बहुतेक वेळा गोंदाच्या दोषाने नाही, साफसफाईच्या दोषाने. पेट्रोलने पुसलं म्हणजे तेल गेलं असं नाही, पेट्रोल स्वतःच पातळ थर मागे ठेवतं. ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. वरून कितीही पुसा, भाग गरम झाला की ते घामासारखं बाहेर येतं आणि जोड खालून उचलतं. म्हणून अ‍ॅसिटोनने पुसा, हॉट एअर गनने किंवा हेअर ड्रायरने भाग हाताला चटका बसेल इतका तापवा, वर आलेलं तेल पुसून घ्या आणि थंड झाल्यावर पुन्हा अ‍ॅसिटोन. असं दोन-तीनदा. अ‍ॅसिटोन पटकन पेटतो, तेव्हा गन बंद करून, दार उघडं ठेवून, पेट्रोलची टाकी उतरवूनच हे करा. त्यानंतर ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवं-उभं घासा आणि पुन्हा एकदा पुसा. इथेही कॉटन वेस्ट नको. त्याचे तंतू जोडात अडकतात आणि बहुतेक वेळा तो आधीच तेल प्यायलेला असतो. स्वच्छ धुतलेल्या जुन्या टेरिकॉटच्या तुकड्याने काम छान होतं. जागा साफ झाली की नाही हे बघायला पाण्याचे दोन थेंब टाका. पाणी चादरीसारखं पसरलं तर जमलं, मण्यासारखं गोळा झालं तर तेल आहे. पाणी वाळवा आणि तासाभरात चिकटवा, कारण घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच पुन्हा धरू लागतो.

थर ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा असावा. जाड थर म्हणजे जास्त ताकद नव्हे. दोन्ही धातू प्रसरणात वेगळे असतील तर आणखी काळजी घ्यावी लागते. १०० मिलिमीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा भाग ३० अंशांवरून १३० वर गेला की ०.२३ मिलिमीटर वाढतो, तेवढाच लोखंडाचा ०.१२. ही ०.११ ची तफावत प्रत्येक फेरीला जोडावर येते. म्हणून लोखंडी लांब पट्टी अ‍ॅल्युमिनियम केसवर गोंदाने टिकत नाही, पण १५ मिलिमीटरचा छोटा टेकू टिकतो.

सोलापूरच्या उन्हाचाही हिशोब ठेवा. पारा ४२-४३ वर असला की कालवलेला इपॉक्सी पुस्तकी वेळेच्या निम्म्याहून कमी वेळात डब्यातच घट्ट होऊ लागतो, कारण साधारण दर १० अंशांना ही क्रिया दुपटीने वेगवान होते. एका वेळी सुपारीएवढाच कालवा आणि पत्र्यावर पसरून ठेवा. गोळा करून ठेवला तर स्वतःच्याच उष्णतेने तापतो. उन्हात ठेवलं की लवकर बसेल म्हणून चिकटवलेला भाग दुपारी गच्चीवर ठेवू नका. घट्ट होण्याआधी इपॉक्सी पातळ होतो, भाग खाली घसरतो आणि तुमचा काटा दोन अंश सरकलेला असतो. सावलीत, पट्टीने बांधून २४ तास. उष्णतेचा फायदा नंतर घ्या, पक्का झाल्यावर. हातमोजे रबरी घाला. हार्डनरची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही.

टायमिंगची चाचणी अशी करा. चकतीसाठी २०० मिलिमीटर व्यासाची अंशांची छापील प्रत काढा आणि फेविकॉलने ३ मिलिमीटरच्या हायलम शीटवर (कडक लॅमिनेट पत्र्यावर) चिकटवा. या व्यासावर एक अंश म्हणजे १.७५ मिलिमीटर, डोळ्याला सहज दिसतो. लहान सीडीवर अंश एकमेकांत मिसळतात. गाडी डबल स्टँडवर, बॅटरीची वायर सुटी, प्लग काढलेला. डाव्या बाजूची चेनकेस उघडून चकती क्रँकच्या टोकाच्या नटखाली घट्ट बसवा. काटा म्हणून सायकलच्या चाकाची तार (स्पोक) किंवा अडीच मिलिमीटरची जीआय तार, टोक घासून बारीक केलेली. ती केसच्या एखाद्या स्क्रूखाली धरता आली तर सर्वांत चांगलं. नाही जमलं तर एम-सीलच्या टेकूवर बसवा. ही चाचणी थंड इंजिनावर, हाताने फिरवून होते, म्हणून इथे गोंद चालतो. काम झालं की टेकू काढून टाका. काटा तसाच ठेवून चेनकेस बंद करून गाडी चालवायची नाही.

सर्वांत मोठी चूक टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असतानाची जागा, शोधण्यात होते. प्लगच्या भोकातून तार घालून पिस्टन सर्वांत वर कधी आला ते बघायचं, ही पद्धत फसवी आहे. बुलेट ३५० चा स्ट्रोक ९० मिलिमीटरचा. टीडीसीपासून क्रँक ३ अंश सरकला तरी पिस्टन जेमतेम ०.०८ मिलिमीटर खाली येतो. तारेवर ते कळणारच नाही, आणि तुम्ही मापाच्या सुरुवातीलाच ३ अंश चुकलेले असता. तार तिरकी अडकून पिस्टनवर ओरखडा पडायची भीती वेगळीच.

त्याऐवजी पिस्टन अडवायचा. १४ मिलिमीटरच्या जुन्या प्लगमधली चिनीमाती फोडून काढा, पोकळ बॉडीत ८ मिलिमीटरचे आटे पाडा आणि टोक गोल घासलेला बोल्ट चेक नटसह बसवा. हा बोल्ट इपॉक्सीने धरायचा मोह होतो, पण इथे गोंद अजिबात नको. त्याचा एक कडक तुकडा सिलिंडरमध्ये पडला तर भिंतीवर चरा उठतो. बोल्ट इतका आत घ्या की पिस्टन टीडीसीच्या १० ते १५ मिलिमीटर अलीकडे थांबेल. टॉप गिअर टाकून मागचं चाक हलक्या हाताने फिरवा. पिस्टन टेकला की चकतीवरचा आकडा लिहा. आता उलट दिशेने दुसऱ्या बाजूने टेकवा, दुसरा आकडा लिहा. या फेरीत व्हॉल्व्ह उघडतात. मध्येच हलकी आडकाठी लागली तर जोर करू नका, बोल्ट व्हॉल्व्हला तर लागत नाही ना ते बघा. समजा एका बाजूला ३८ आणि दुसऱ्या बाजूला ४६ आले. बेरीज ८४, निम्मे ४२. काटा ४ अंश वाकवा, म्हणजे दोन्हीकडे ४२ येतील. पुन्हा दोन्हीकडून तपासा. आता शून्य हा खरा टीडीसी. बोल्ट काढायला विसरू नका.

पुढे आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग. उलट केलंत तर गॅप बदलताच टायमिंग बदलतं. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फिलर गेजने, पॉइंट सर्वांत जास्त उघडलेले असताना. टायमिंग ०.८ मिलिमीटर टीडीसीच्या आधी, अ‍ॅडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी) वजनं पूर्ण मिटलेली असताना. क्रँकच्या भाषेत हे साधारण साडेनऊ ते दहा अंश होतात. बॅटरी जोडून पॉइंटच्या टर्मिनलला आणि अर्थला छोटा बल्ब लावा. इग्निशन चालू असताना पॉइंट उघडला की बल्ब पेटतो. चाक फिरण्याच्या दिशेनेच सावकाश या, डाव्या बाजूने बघताना चकती घड्याळाच्या उलट फिरते. मागे सरकून माप घेतलंत तर गिअरच्या मोकळिकीमुळे एक-दोन अंश फसतात. कंप्रेशनच्या फेरीत, टीडीसीआधी साडेनऊवर बल्ब पेटला पाहिजे. नसेल तर पॉइंटची बॉडी अगदी थोडी फिरवा. तिचा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे इथला १ अंश म्हणजे क्रँकवर २ अंश. पॉइंट मिटलेले ठेवून इग्निशन चालू सोडू नका, कॉइल तापते.

टायमिंग दोन अंश जास्त पुढे घेतलं की गाडी पळते, असं पुष्कळ जण सांगतात. किक उलटी बसून पायाला इजा होते ती त्यातूनच, आणि उन्हाळ्यात चढावर इंजिन ठोकू लागतं. गरम हवेत ठोकण्याचा कल आधीच वाढलेला असतो. मागे ठेवलंत तर ओढ कमी आणि सायलेन्सर निळा. जुन्या स्प्लेंडरसारख्या सीडीआय (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) गाडीत लावण्यासारखं काही नसतं. १४०० आरपीएमच्या आसपास टायमिंग लाइटखाली रोटरवरची एफ खूण (ठिणगीची जागा) बघायची, बस. पिकअप कॉइलची भोकं लांबवून ती गोंदाने सरकवून बसवणं म्हणजे ती कधीतरी रोटरला जाऊन लागणार. तिथे मूळ स्क्रू आणि निळ्या द्रवाचा एक थेंब, एवढंच.

बाकी बदल. टाकीवरचा बिल्ला इपॉक्सीने नको, फोमच्या दुतर्फी व्हीएचबी टेपने लावा. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, अर्धा मिनिट जोराने दाबा, पूर्ण पकडीला ७२ तास द्या. साइड पॅनेलच्या आतल्या बाजूला छापलेली खूण बघा. एबीएस असेल तर मागून स्टेनलेस जाळी आणि इपॉक्सीने उत्तम जुळतो. पीपी (पॉलिप्रोपिलीन) असेल तर यातलं काहीच धरणार नाही, तो गरम करून वितळवूनच जोडावा लागतो. डाव्या ग्रिपला गोंद चालतो, उजव्या ग्रिपला अत्यंत जपून. अ‍ॅक्सिलरेटरच्या नळीत एक ओघळ गेला तर हात सोडल्यावरही अ‍ॅक्सिलरेटर परत येत नाही. मोबाईल होल्डर क्लॅम्पवालाच घ्या. ब्रेक, फोर्क, फूटरेस्ट, चेसिस यांच्या जवळपास गोंद आणू नका. चेसिस कापणं, जोडणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येही बसत नाही.

तेलगळतीसाठी सिलिकॉन गॅस्केट लावताना लोक टूथपेस्टसारखं पिळतात. बाहेर दिसतो तेवढाच आत जातो, आणि आतला तुकडा सुटून ऑइलच्या बारीक वाटेत अडकला की वरपर्यंत तेल पोहोचत नाही. १ ते २ मिलिमीटरची अखंड रेघ, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने, इतकंच. आंबट वास येणारा प्रकार तांब्याच्या वायरींजवळ वापरू नका, ती गंजते. हा ओलाव्यावर पक्का होतो आणि दिवसाला २-३ मिलिमीटरच आत सरकतो, तेव्हा रात्रभर तरी ठेवा. केसला भेग असेल तर दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही, मग व्ही आकाराची खाच करून पोलादी भुकटीचा इपॉक्सी भरा. नुसता पाझर थांबवायला हे चालतं. बोल्टच्या कानाजवळ भेग असेल तर केस उतरवून आर्गन वेल्डिंगच करून घ्या.

पेट्रोलच्या टाकीचं छिद्र एम-सीलने बुजवणं ही मात्र घरापर्यंत पोहोचायची सोय आहे, दुरुस्ती नाही. आपल्या जिल्ह्यातल्या उसापासून बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं, आणि त्यात साधा इपॉक्सी हळूहळू फुगून सुटतो. छिद्र बहुधा टाकीच्या तळाला गंजाने पडतं, म्हणजे आजूबाजूचा पत्राही तितकाच पातळ झालेला असतो. टाकी पूर्ण रिकामी करून, आतली वाफ पाण्याने धुऊन काढून, हे काम नेहमी करणाऱ्याकडे तिचा तळ बदलून घ्या.